हरादा राहिलं!

२६ जुलै म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला आधी २००५ चा पाऊस आठवतो. मी तेव्हा मध्य रेल्वेत गार्ड होतो. ती रात्र कशी काढली ते पुन्हा कधीतरी. हे लिहितोय ते २०२५ च्या २६ जुलैबद्दल. तो शनिवार होता, बाहेर पाऊस होताच, आणि वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा मशिदीत तेबावर, म्हणजे वाचनाच्या ओट्यावर, उभा राहून तोरा, म्हणजे आमचं धर्मशास्त्र, वाचली. नीट वाचली असं म्हणवत नाही. मधले तीन मुक्काम गाळले.

मशीद म्हणजे आमचं सिनेगॉग. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. कोकणात ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत ते आम्ही, कारण शनिवारी आमचा घाणा बंद. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, त्यांचे आम्ही वंशज, असं घरोघरी सांगतात. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधलं. त्याला लोक मशीदच म्हणायचे, आणि मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं आमची म्हातारी माणसं ठासून सांगतात. आमच्या पूर्वजांनी शेकडो वर्षं जपलं ते शब्बाथ (शनिवारचा विसावा), सुंता, खाण्यापिण्याचे नियम, उपास आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना. ग्रंथ मागाहून आला. १८२६ पासून कोचीचे यहुदी शिक्षक इकडे येऊ लागले, त्यांनी हिब्रू वाचायला आणि तोरा गायला शिकवलं. म्हणजे आमच्यात तोरावाचन हे शिकून घेतलेलं काम आहे, रक्तातून आलेलं नाही. मला त्याचा पुढे फार आधार वाटला.

माझं स्वतःचं हिब्रू म्हणाल तर तेराव्या वर्षी बार मित्झवाला, म्हणजे मुलगा धर्माच्या दृष्टीने वयात येतो त्या विधीला, देवनागरीत लिहून दिलेले दोन आशीर्वाद घडाघडा म्हटले होते, तेवढंच. नंतर नोकरी. गार्डाला कसला शब्बाथ? दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरला रजा मिळाली तरी नशीब. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी जायला लागलो, तेही खरं तर दहावा म्हणून. सार्वजनिक प्रार्थनेला आणि तोरा उघडायला दहा पुरुष लागतात. आमच्याकडे नऊ जमतात आणि दहाव्याची वाट बघत बसतात. घरटी एखादं माणूस तरी इस्राएलला गेलेलं, कुणी दिमोना, कुणी अश्दोद, कुणी लोद. मागे राहिलेल्यांचे गुडघे दुखतात. त्यामुळे दहावा आत आला की त्याच्याकडे असं बघतात जशी लेट झालेली गाडी एकदाची दिसली.

आमचे हझान काका, म्हणजे प्रार्थना चालवणारे, पंचाहत्तरीच्या पुढचे. पगारी हझान आम्हाला परवडत नाही. काका पोस्टातून निवृत्त झालेले आणि चाळीसेक वर्षं तेच वाचत आलेले. त्यांना काचबिंदू झाला. तोरा त्यांना बरीचशी तोंडपाठ, पण नियम असा की लिहिलेलं आहे ते पाठ म्हणायचं नाही, तोरा ज्या कातड्याच्या गुंडाळीवर लिहिलेली असते तिच्यावरची अक्षरं बघूनच वाचायचं. काका गुंडाळीला नाक लावायचे, तरी ओळ सुटायची. मार्चमध्ये एका शनिवारी त्यांनी मला थांबवून घेतलं.

“तुला स्टेशनं पाठ आहेत ना?”

“कल्याणपासून सीएसएमटी, झोपेत उठवलंत तरी.”

“मग ‘मसए’ तू वाच. त्यात दुसरं काही नाही, स्टेशनंच आहेत.”

मला वाटलं गंमत करतायत. गंमत नव्हती.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: तोरा म्हणजे मोशेची (इंग्रजीत मोझेस) पाच पुस्तकं. तिचे ५४ भाग पाडलेत, प्रत्येकाला पराशा म्हणतात. आठवड्याला एक, काही आठवड्यांत दोन जोडून, असं वर्षभर वाचून सिम्हात तोराच्या दिवशी शेवट करायचा आणि त्याच दिवशी पुन्हा ‘बेरेशीत’, म्हणजे जगाची उत्पत्ती, सुरू करायची. निवड करायला वावच नाही. जगाची उत्पत्ती, योसेफाची गोष्ट, समुद्र दुभंगणं हे जसं वाट्याला येतं, तसेच त्वचारोगांचे नियम, तंबूच्या खुंट्यांचा हिशेब आणि शिरगणतीचे आकडेही येतात. कॅलेंडर आणून समोर ठेवतं, आपण वाचायचं. ‘मसए’ हा चौथ्या पुस्तकाचा शेवटचा भाग. मिसर (इजिप्त) सोडल्यापासून यार्देन (जॉर्डन) नदीच्या काठापर्यंत चाळीस वर्षांत इस्राएल लोकांनी जिथे जिथे तळ ठोकला त्या ४२ जागांची यादी त्यात आहे. इथून निघाले, तिथे उतरले. तिथून निघाले, पुढे उतरले. सलग ४९ वचनं.

मी काकांना स्पष्ट विचारलं, “हे देवाच्या पुस्तकात कशाला? वाळवंटात कुठे राहिले याचा आज मला काय उपयोग?”

काकांनी तेव्हा उत्तर दिलं नाही. म्हणाले, आधी तोंडात बसू दे.

पहिली अडचण अशी की गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात. फक्त व्यंजनं. मराठीत समजा मात्रा, काना, वेलांटी सगळं काढून टाकलं आणि ‘मल’ एवढंच उरलं, तर ते मल, माल, मोल, मूल, मेला यांतलं काय ते तुम्ही ठरवायचं. हिब्रूतलं नेहमीचं उदाहरण आहे: त्याच तीन अक्षरांचं ‘हालाव’ वाचलं तर दूध, ‘हेलेव’ वाचलं तर चरबी. शिवाय गुंडाळीत विरामचिन्हं नाहीत, वचनांचे आकडे नाहीत आणि सुराच्या खुणाही नाहीत. तोरा बोलत वाचत नाहीत, गाऊन वाचतात, आणि कुठल्या शब्दाला कुठला सूर हे ठरलेलं असतं. त्यासाठी ‘तिक्कून’ नावाचं पुस्तक मिळतं. पानावर दोन रकाने: एकात स्वर आणि सुराच्या खुणा घातलेला मजकूर, शेजारी तोच मजकूर गुंडाळीत असतो तसा उघडाबोडका. एका बाजूने शिकायचं, दुसऱ्या बाजूने स्वतःची परीक्षा घ्यायची.

दर मंगळवार-गुरुवारी संध्याकाळी काकांच्या घरी जायचो. ते पलंगावर बसून डोळे मिटून ऐकायचे. त्यांच्या शिकवण्यात खुणांची नावं फारशी नव्हती. ‘एतनाहता’ हे एक नाव मात्र सारखं यायचं, म्हणजे वचनाच्या मध्यावरचा विसावा. हात खाली आणून दाखवायचे: “इथे टेक. दम घे. मग पुढे.” माझ्या यादीतलं जवळजवळ प्रत्येक वचन त्याच चालीचं. ‘वायिसऊ’ म्हणजे निघाले, गावाचं नाव, विसावा. ‘वायाहनू’ म्हणजे उतरले, पुढच्या गावाचं नाव, पूर्णविराम. ‘वायिसऊ’तला तो ‘ऐन’ हा वर्ण घशातून यायला हवा आणि माझा यायचा दातांतून. “गार्डाची शिट्टी वाजवू नकोस,” काका म्हणायचे.

दिमोनाच्या भाच्याने व्हॉट्सॲपवर रेकॉर्डिंग पाठवलं. तिथे तो ज्या सिनेगॉगमध्ये जातो तिथलं, मोरोक्कोच्या वळणाचं. सुरेख होतं. मी ते ऐकून बसवलं आणि काकांसमोर गायलो. ते ऐकून घेऊन म्हणाले, “चांगलं आहे. पण ह्या चालीवर आपली माणसं चूक पकडू शकणार नाहीत.” तेव्हा मला ते नुसतं अडेलतट्टूपणाचं वाटलं.

घरात माझी रोजची रियाजाची वेळ पहाटेची. शेजारचे माळकरी काका एकदा जिन्यात भेटले. “काय हो, कसलं पाठांतर चाललंय? चाल छान आहे, पण एकच ओळ पुन्हा पुन्हा?” मी सांगितलं, असं असं आहे, निघाले-उतरले. ते लगेच म्हणाले, “मग हे मुक्काम आहेत की! आमचं सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण.” आषाढ लागायचा होता, त्यांनी आख्खी वारीची वाट तिथल्या तिथे म्हणून दाखवली, आणि प्रत्येक गावाला काहीतरी जोडलेलं. वाल्ह्याला पाऊस लागला होता, तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब, बरडला चप्पल हरवली. आमच्या मराठी शास्त्रात, म्हणजे तोराच्या मराठी भाषांतरात, ‘कूच केले, तळ दिला’ असं आहे. तळ हा लष्कराचा शब्द. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात मुक्काम बसला.

हे हझान काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी मार्चमधलं उत्तर जुलैत दिलं. राशी हे अकराव्या शतकातले फ्रान्समधले मोठे भाष्यकार. त्यांनी या यादीवर जुन्या परंपरेतला एक दाखला दिलाय. एका राजाचा मुलगा आजारी होता, म्हणून राजाने त्याला दूरच्या गावी औषधाला नेलं. परत येताना बाप एकेक जागा दाखवत म्हणाला: इथे आपण झोपलो, इथे गारवा मिळाला, इथे तुझं डोकं दुखलं. राशींनी हिशेबही मांडलाय. ४२ पैकी १४ मुक्काम पहिल्याच वर्षातले, आठ चाळिसाव्या वर्षातले. उरलेल्या ३८ वर्षांत फक्त वीस वेळा तंबू हलले. म्हणजे वाटतं तसं ते सारखे भटकत नव्हते. बराच काळ नुसते बसून होते. रेल्वेत सिग्नल न मिळता तासन्‌तास उभ्या राहिलेल्या माणसाला हे पटकन कळतं.

आता गुरुवार, २४ जुलै. शनिवारसाठी गुंडाळी आधीच उघडून योग्य जागी आणून ठेवावी लागते, नाहीतर सगळ्यांना ताटकळत ठेवून ती फिरवत बसावं लागतं. या वेळी दोन लागणार होत्या, कारण तो शनिवार आमच्या पंचांगातल्या आव महिन्याची पहिली तारीख होता आणि अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवसाचं वाचन दुसऱ्या गुंडाळीतून करतात. आमच्या हेखालात, म्हणजे येरुशलेमच्या दिशेला, पश्चिमेच्या भिंतीतल्या कपाटात, वाचण्याजोग्या तीन आहेत. प्रत्येक उभ्या लाकडी पेटीत. पेटी टेबलावर उभीच ठेवून वाचायचं, त्यामुळे याद धरलेला हात सतत छातीच्या वर. याद म्हणजे टोकाला बोट असलेली चांदीची काडी. कातड्याला हात लावायचा नसतो म्हणून. हिब्रूत यादचा अर्थ हात. याद धरून यादी वाचायची, असा विनोद मी केला होता. कोणी हसलं नाही.

जी नवी गुंडाळी मी वापरणार होतो तिची मांडणी माझ्या तिक्कूनसारखीच, रकान्यात ४२ ओळींची. (ओळींची ही ४२ संख्याही त्या ४२ मुक्कामांवरून सांगतात.) कुठला शब्द रकान्यात कुठे येतो हे माझ्या डोळ्यांना पाठ होतं. शमाशने, म्हणजे मशिदीची देखभाल करणाऱ्या सेवकाने, दिवा धरला, मी याद फिरवत गेलो आणि ‘होर हाहार’वर थांबलो. होर डोंगर. मोशेचा भाऊ अहरोन तिथे वारला, १२३ वर्षांचा होऊन, पाचव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी. म्हणजे आव महिन्याच्या पहिलीला, म्हणजे येत्या शनिवारीच. त्यातल्या एका ‘हे’ अक्षराचा डावा पाय गेला होता. ‘हे’ अक्षर म्हणजे वरची आडवी रेघ, उजवीकडे उभा दांडा आणि डावीकडे खाली एक सुटा छोटा पाय; तो पाय नसला की ते ‘दालेत’ हे दुसरंच अक्षर दिसतं. शाई कातड्यात मुरत नाही, वर बसते. पावसाळ्यात कातडं फुगतं, आकसतं आणि शाईचा पापुद्रा सुटतो. कपाटात कापराच्या वड्या होत्या, बुटांच्या खोक्यातली ती पांढरी पाकिटंही होती. दमटपणाने कुणाचं ऐकलंय? पायाच्या जागी एक करडा ठिपका तेवढा शिल्लक. तीन लाखांच्या वर अक्षरं, ३,०४,८०५. त्यातलं एक बिघडलं तर सगळी गुंडाळी वाचायला बाद.

पण बिघडलं का? शमाश म्हणाला, ठिपका दिसतोय की. मुकादम, म्हणजे जमातीचे प्रमुख, म्हणाले, नाही दिसत. काकांना तर काहीच दिसत नव्हतं, पण अशा वेळी काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं: लहान मूल आणा. फार हुशार नको, मठ्ठही नको; अक्षरं ओळखणारं, पण वाक्याचा अर्थ न कळणारं. मोठी माणसं अर्थावरून अंदाज बांधतात, मूल दिसतं ते सांगतं. शमाशचा सात वर्षांचा नातू अंगणात सायकल फिरवत होता. त्याला ओल्या चपला काढायला लावून स्टुलावर उभं केलं. मुकादमांनी आजूबाजूची अक्षरं कागदाच्या पट्ट्यांनी झाकली. आम्ही चौघं म्हातारे श्वास रोखून.

“हे कुठलं अक्षर, बाळा?”

त्याने मान तिरकी करून बघितलं. “दालेत.”

“नीट बघ.”

“दालेतच आहे.” मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून, “चुकलं?”

“नाही रे, बरोबर आहे,” काका म्हणाले आणि पेटी बंद करायला सांगितली.

म्हणजे मला जुन्या गुंडाळीतून वाचायचं होतं. ती किनाऱ्यावरच्या एका गावातली, तिथली घरं इस्राएलला गेल्यावर आमच्याकडे आलेली. अक्षरं मोठी, सुंदर, पण रकान्यांची मांडणी वेगळीच. माझ्या डोळ्यांना पाठ असलेली एकही जागा जागेवर नाही. शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत जेवढा वेळ मिळाला तेवढा मी तिच्यासमोर उभा राहून काढला.

शनिवारी दहावा माणूस साडेनऊला आला, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून. सुरुवातीचा ‘मट्टोत’ हा भाग पुण्याहून आलेल्या एका नातलगाने वाचला. ‘मट्टोत’ आणि ‘मसए’ जोडून आले की २४४ वचनं होतात. मग मी. उजवीकडे मुकादम, डावीकडे छापील तोरा घेऊन शमाश, आणि पहिल्या बाकावर डोळे मिटलेले काका. सुरुवात बरी झाली. रामसेस, सुक्कोत, एताम. एलीमला बारा झरे आणि सत्तर खजुरीची झाडं आहेत, तिथे चाल जरा सैल होते. तिथे मलाही धीर आला. पुढे गाडी वेगात. लिव्ना, रिस्सा, केहेलाता.

आणि मग मी म्हटलं, तिथून निघाले आणि ताहातला उतरले.

“हरादा!” काकांचा आवाज. त्याच क्षणी वरच्या सज्जातून बायकांच्या बाजूनेही कुणीतरी, “हरादा राहिलं!”

झालं होतं असं. यादीत ‘केहेलाता’ आहे आणि तीन मुक्काम पुढे ‘माखेलोत’ आहे. स्वरांशिवाय दोन्ही शब्द एकमेकांचे जुळे भाऊ. माझी नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर गेली, शेफेर डोंगर, हरादा आणि खुद्द माखेलोत ही स्टेशनं फास्ट लोकलसारखी सोडून. शमाश छापील पुस्तकात बघत होता खरा, पण त्याला ओळ सापडेपर्यंत मी पुढे गेलो होतो. चूक पकडली ती कानांनी. वरून ओरडलेल्या बाई माझ्या थोरल्या बहिणीच होत्या. तिला हिब्रूचं अक्षर येत नाही. साठ वर्षं दर पावसाळ्यात तीच चाल, तीच नावं ऐकून तिला कळलं की काहीतरी गळलंय. भाच्याच्या मोरोक्कन चालीवर तिला ते कळलं नसतं.

मी मागे गेलो. नियमच आहे, गाळलेल्या जागेपासून पुन्हा वाचायचं. घाम डोळ्यांत जात होता, याद थरथरत होती. हरादा या शब्दाचा अर्थच थरकाप, हे मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं की वाईट, कोण जाणे. केहेलाता आणि माखेलोत हे दोन्ही ‘काहाल’पासून आलेत, काहाल म्हणजे जमलेली मंडळी, जमात. हेही काकांनी नंतर सांगितलं, किशमिशच्या सरबताचा पेला हातात असताना, आणि वर म्हणाले, “एका जमातीतून दुसऱ्या जमातीत उडी मारलीस, मधला डोंगर चढायला नको.”

होर डोंगरापाशी पोचलो तेव्हा आवाज जाग्यावर आला होता. त्या जुन्या गुंडाळीत अहरोनाच्या डोंगराचे सगळे ‘हे’ पायांसकट शाबूत होते. मी तिथे थोडा जास्तच रेंगाळलो असेन. यादी मवाबच्या मैदानात संपते, यार्देनच्या अलीकडे. पलीकडे अजून कोणी गेलेलं नाही. (शेजारच्या काकांनी नंतर विचारलं, “मग पोचलात का पंढरपूरला?” म्हटलं, नाही, आमची वाखरीलाच संपते.)

पराशाचा शेवट सलाफहादाच्या पाच मुलींवर होतो. त्यांना भाऊ नव्हता, म्हणून त्यांनी मोशेकडे जाऊन बापाची जमीन मागितली आणि मिळवली. इथे शेवटी भाऊबंद येऊन कुरकुर करतात की या दुसऱ्या कुळात लग्न करून गेल्या तर जमीन जाईल. तो भाग पुण्याच्या पाहुण्यानेच वाचला. पुस्तक संपलं, सगळे उभे राहिले, ‘हझाक उबारूख’ (‘बळकट हो, धन्य हो’) झालं. मग हातबोशी: एकमेकांच्या हातांत हात घालून बोटं ओठांना लावायची, थोरांपासून धाकट्यांपर्यंत. बहीण खाली आली, तिने माझे हात हातांत घेतले, बोटं ओठांना लावली आणि म्हणाली, “हरादा गाळलंस ते ठीक. गावच्या सातबाऱ्यावर माझं नाव गाळलंयस, त्याचं काय?” मी म्हटलं, सोमवारी तलाठ्याकडे जातो. दोनदा जाऊन आलोय. काम चालू आहे.

पुढच्या आठवड्यात ‘देवारीम’ आणि रविवारी बिरड्याचा रोजा, येरुशलेमचं मंदिर पडलं त्याचा उपास. उपास सोडायला वालाचं बिरडं झालं. काकांनी मला पुढच्या वर्षीही ‘मसए’च दिलंय, शिवाय त्याआधीचा ‘पिनहास’मधला एक तुकडा. स्टेशनं वाढली.

बाद गुंडाळी तालितमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या शालीत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलीय. आमच्याकडे सोफेर, म्हणजे हे लिहिणारा-दुरुस्त करणारा माणूस नाही. बाहेरून कोणी येईल तेव्हा. शमाशचा नातू दर शनिवारी आल्या आल्या मला विचारतो, “माझं दालेत परत ‘हे’ झालं का?”

अजून नाही, सांगतो मी. मग तो सायकल घेऊन अंगणात जातो.